दोन वेळा पॉइंट सहा

त्या उड्डाण-प्रशिक्षण क्लबात विमानं दोन होती, शिक्षक तीन होते, विद्यार्थी येऊन-जाऊन तीसेक असायचे आणि मिनिटबाई एक होत्या. विमानांवाचून क्लब आठ-आठ दिवस चालायचा. मिनिटबाई एक दिवस रजेवर गेल्या तर मात्र निम्म्यांना धडकी भरायची आणि निम्म्यांना सुटल्यासारखं वाटायचं.

बाईंचं काम वह्या तपासायचं. वैमानिक होऊ बघणाऱ्या प्रत्येकाकडे एक वही असते, लॉगबुक म्हणतात तिला. कोणत्या दिवशी उडालो, कोणत्या विमानातून, शेजारी कोण होतं, किती वेळ. असे दोनशे तास भरले की पोटापाण्यासाठी विमान चालवायच्या परवान्याचा अर्ज करता येतो. आता माणसाच्या हातात पेन दिलं आणि स्वतःबद्दलच लिही म्हटलं की काय होतं, हे काय सांगायला पाहिजे? लग्न जुळवताना मुलाची उंची दोन इंच वाढते ना, तेच. चाळीस मिनिटांचा तास होतो. शेजारी नुसतं बसून खिडकीतून ढग बघितलेले असतात, वहीत मात्र ‘स्वतः चालवले’. एकाने तर इंजिन सुरू करून पंचवीस मिनिटं जागच्या जागी घुरघुर केली होती आणि तीही उड्डाणात धरली होती.

‘‘चाकं हलली होती का?’’ बाईंनी विचारलं.

‘‘नाही, पण इंजिन–’’

‘‘मग तू उडाला नाहीस. बसला होतास. बसायचा परवाना इथे मिळत नाही.’’

नियम तसा सोपा होता. उडायच्या इराद्याने चाकं पहिल्यांदा हलली की वेळ सुरू, काम आटोपून चाकं कायमची थांबली की वेळ बंद. मधे धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत वीस मिनिटं उभं राहिलात तर ती धरायची, पण सुटण्याआधी इंजिन तापवलं ती नाही. बाईंच्या नवऱ्याला हे शेवटपर्यंत पटलं नाही. तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून निवृत्त झालेला, साधा, कुठलंही काम ‘पाच-दहा मिनिटांत’ करणारा माणूस.

‘‘म्हणजे विमान जमिनीवर असतानाच उडायला लागतं?’’

‘‘अहो, वहीत लागतं.’’

‘‘मग तुझी वही आणि विमान दोघं वेगवेगळं उडतात म्हण की.’’

बाई स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या. मला काय करायचंय वर जाऊन, हिशेब खालीच असतो, असं त्यांचं म्हणणं. आणि खालचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता, कारण त्यांच्याकडे विमानाची स्वतःची वही असायची. विमान किती वाजून किती मिनिटांनी सुटलं, किती वाजून किती मिनिटांनी परत आलं, ते तिच्यात दुसऱ्याच माणसाने लिहिलेलं असायचं. विद्यार्थ्याची वही डावीकडे, विमानाची उजवीकडे, मधे बाईंची लाकडी पट्टी. ती पट्टी एखाद्या ओळीवर थांबली की समोरचा उगीचच खोकायचा.

एकदा एकाच उड्डाणात विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने, दोघांनीही, ‘कॅप्टन मीच’ असं लिहिलं होतं. बाईंनी दोघांना समोर उभं केलं. ‘‘एका म्यानात दोन तलवारी ऐकल्या होत्या. विमान आपटलं असतं तर दोघांपैकी कोण म्हणालं असतं, मीच होतो म्हणून?’’ दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. तो शिक्षक म्हणजे खुद्द क्लबचे प्रमुख, मोठे कॅप्टन. त्या दिवसापासून मोठे कॅप्टन बाईंना मिनिटबाई म्हणायला लागले. त्यांना वाटलं होतं की बाई चिडतील. बाईंना नाव आवडलं.

चूक दुरुस्त करायचीही त्यांची रीत ठरलेली. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, गिरवणं नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तारीख, सही. ‘‘चूक झाकायची नसते, दाखवायची असते,’’ असं त्या इतक्या वेळा सांगायच्या की पोरं त्यांच्यामागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची. नाकाने कांदे सोलणारी बाई, असंही म्हणायची. पण बाईंची सही असलेली वही घेऊन कुठेही जा, तपासणारा वही उघडतसुद्धा नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि या सगळ्याचा पाया होता एक तक्ता. एकोणीस वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की यापुढे वेळ तास-मिनिटांत नको, दशांशात लिहा. सहा मिनिटं म्हणजे पॉइंट एक, बारा म्हणजे पॉइंट दोन. मोठे कॅप्टन तेव्हा नुकतेच प्रमुख झाले होते, ते म्हणाले, बाई, जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक तक्ता करून टाका. बाईंनी केला. कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत कोणता दशांश, सुबक अक्षरात, पुठ्ठ्यावर. तो वर्गाच्या भिंतीवर लागला. प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी तो आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायचा आणि पुढे जन्मभर तिकडे बघून वेळ लिहायचा.

आता गणिताचे मास्तर. शाळेत गणित शिकवता-शिकवता वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी यांच्या डोक्यात उडायचं खूळ शिरलं. बायकोने डोक्याला हात लावला, मुलीने टाळ्या वाजवल्या. पाच वर्षं मास्तर शाळा सुटली की सायकल मारत क्लबात यायचे. लेखी परीक्षा त्यांनी पहिल्याच फटक्यात पास केल्या होत्या, पण त्या निकालाची मुदत पाच वर्षांची. तेवढ्यात दोनशे तास भरून अर्ज गेला नाही, तर सगळ्या परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. ती मुदत एका शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता संपत होती.

त्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता मास्तरांच्या वहीची बेरीज होती एकशे नव्याण्णव पॉइंट दोन. उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटं ते आदल्या आठवड्यातच उडणार होते. पण एका विमानाचं इंजिन उघडून ठेवलेलं आणि दुसरं टायरच्या वाटेकडे डोळे लावून जॅकवर उभं. मास्तर चार दिवस त्या टायरची वाट बघत होते. टायर आला नाही.

‘‘बाई,’’ मास्तर म्हणाले, ‘‘मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. तरी विचारतो.’’

‘‘मग कशाला विचारता?’’

‘‘घरी सांगता आलं पाहिजे की विचारलं होतं.’’

बाईंनी पट्टी सरकवत शेवटची सहा पानं पुन्हा बेरजेला घेतली. आकडा तोच. ‘‘मास्तर, तुमच्या वर्गात पस्तीसला पास आणि पोराला चौतीस पडले, तर काय करता?’’

‘‘एक गुण देतो,’’ मास्तर म्हणाले.

‘‘मी नाही देत.’’

मास्तरांनी वही मिटली, नमस्कार केला आणि बाहेर जाऊन त्या जॅकवरच्या विमानाजवळच्या बाकावर बसले. भांडले नाहीत, गयावया केली नाही. बाईंना वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याचं खातं वेगळं आणि सहीचं वेगळं, ही त्यांची शिस्त होती आणि तिचा त्यांना अभिमानही होता.

अकराच्या टपालात एक पत्र आलं. झालं होतं असं, की क्लबाने नुकताच संगणक घेतला होता. सुटल्याची वेळ टाका, परतल्याची वेळ टाका, तास तो काढणार. बाईंनी पहिल्याच दिवशी पकडलं की हे यंत्र चुकतं. तक्त्यात एक येतं, यंत्रात दुसरं. सगळीकडे नाही, मधेच कुठेतरी. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की सगळं ठीक आहे. त्यांनी दुसरं लिहिलं, जरा कडक. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं की आपलं यंत्र प्रत्येक धड्यामागे सहा मिनिटं फुकट वाटत सुटलं आहे, एकोणीस वर्षांत आमच्याकडे हे घडलेलं नाही, आणि आपल्या अभियंत्यांना भागाकार येतो की नाही याची आम्हाला शंका आहे.

तिसऱ्या पत्राचं उत्तर दीड ओळीचं होतं. ‘आदरणीय बाई, बेचाळीस भागिले साठ बरोबर शून्य पॉइंट सात. कृपया एकदा हाताने करून पाहावे.’

उद्धटपणा बघा, असं म्हणत बाईंनी पेन्सिल घेतली. बेचाळीसला साठाने भागलं. पॉइंट सात. मग उठून वर्गात गेल्या आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. एकवीस ते सव्वीस, पॉइंट चार. सत्तावीस ते तेहतीस, पॉइंट पाच. चौतीस ते एकोणचाळीस, पॉइंट सहा. चाळीस ते पंचेचाळीस, पॉइंट सहा. सेहेचाळीस ते एक्कावन्न, पॉइंट आठ.

सहा, सहा, आठ. सात नव्हताच. जेवणाच्या सुट्टीच्या घाईत एक आकडा दोनदा पडला होता आणि तेव्हापासून एकोणीस वर्षं त्या क्लबातलं एकही उड्डाण पॉइंट सातवर संपलं नव्हतं. आणि क्लबातला नेहमीचा धडा केवढा? बेचाळीस मिनिटांचा. दोन मिनिटं इकडे-तिकडे.

बाई तिथेच एका बाकावर बसल्या. पोरांची पाच-पाच मिनिटं त्यांनी चिमटीने काढून फेकली होती, आणि स्वतः दर धड्याला प्रत्येकाची सहा मिनिटं गिळत आल्या होत्या, तेही सुबक अक्षरात. तीस-चाळीस वैमानिक तर याच वर्गातून शिकून मोठमोठ्या विमानांवर गेले होते. एवढी हुशार माणसं रोज त्या तक्त्याकडे बघत होती, पण प्रत्येकाने आपल्यापुरती ओळ बघितली, शेजारची नाही.

गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळणार नव्हतं. हा विचार बाईंच्या मनात आला, आणि खोटं कशाला सांगा, जवळपास दहा मिनिटं राहिला. मग त्यांनी मास्तरांची वही मागून घेतली, विमानाच्या वह्या काढल्या, आणि चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांचं एकेक उड्डाण मोजायला लागल्या. दोन तास लागले. एकशे एकवीस भरली. म्हणजे बारा तास सहा मिनिटं. मास्तरांचे दोनशे कधीच होऊन गेले होते. ते दोनशे अकरा पॉइंट तीनवर बसून टायरची वाट बघत होते.

बाई वही आणि तक्ता दोन्ही घेऊन मोठ्या कॅप्टनांच्या खोलीत गेल्या. पुढचं काम त्यांच्या सहीशिवाय होणार नव्हतं. सगळं ऐकून कॅप्टनांचा चेहरा आधी उजळला, कारण मिनिटबाई चुकल्या हे ऐकायला ते एकोणीस वर्षं जगत होते. मग तो हळूहळू उतरला.

‘‘हे बाहेर गेलं तर काय होईल कळतंय का? आपण दिलेली प्रत्येक वही उघडतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. तक्ता नवा करा, जुना जाळून टाका.’’

‘‘आणि मास्तर?’’

‘‘त्यांचं काय, अठ्ठेचाळीस मिनिटांचं तर आहे. गेल्या महिन्यातलं एखादं उड्डाण लिहून टाका त्यांच्या नावावर. मी शेजारी होतो म्हणून सही करतो.’’

बाईंनी तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवला. ‘‘म्हणजे न झालेलं उड्डाण लिहायचं, पण झालेली चूक लिहायची नाही?’’

‘‘व्यवहार असतो हो थोडा.’’

‘‘कॅप्टन, मी हे लिहून देणार. सही तुम्ही करा नाहीतर करू नका. केली नाहीत, तर तुम्ही केली नाहीत हेही लिहीन.’’

दुपारचे साडेतीन झाले होते. दोघांपैकी कुणीच हटेना. बाहेर मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते बाकावर बसून शाळेचे पेपर तपासत होते. आणि मग कॅप्टनांचं लक्ष तक्त्यावरून स्वतःच्या कपाटाकडे गेलं. कपाटात त्यांच्या स्वतःच्या वह्या होत्या. कॅप्टनांची बेरीज नऊ हजार सातशे तेराला येऊन ठेपली होती, दहा हजारांचा सत्कार होऊन निवृत्त व्हायची त्यांची फार इच्छा होती आणि निवृत्तीला सातच महिने उरले होते. सात महिन्यांत पावणेतीनशेच्या वर तास या वयात होत नाहीत, हे त्यांचं गुडघेदुखीचं औषधही सांगत होतं.

‘‘बाई,’’ ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, ‘‘हे धडे देणाऱ्या शिक्षकालाही लागू का?’’

‘‘विमान एकच, वेळ एकच.’’

कॅप्टनांनी पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला. एकोणीस वर्षं, वर्षाला असे निदान दीड-पावणेदोनशे धडे, प्रत्येकी पॉइंट एक. तीनशे तास तरी. पाकीट खाली ठेवून ते खुर्चीतून उठले, आणि चूक झाकणं हा वैमानिकाच्या पेशाला कसा कलंक आहे यावर बाईंनाच चार वाक्यं ऐकवली. मग सही केली, शिक्का मारला, आणि स्वतःच्या गाडीतून मास्तरांना परवाने देणाऱ्या मुख्य कार्यालयात घेऊन गेले. अर्ज पाचला सात मिनिटं कमी असताना पोहोचला.

बाईंनी तक्ता भिंतीवर परत लावला. दुसऱ्या ‘पॉइंट सहा’वर एक सरळ रेघ मारली, शेजारी सात लिहिला, तारीख घातली, सही केली. खाली लिहिलं, ‘चूक माझी.’

त्यांनी मनाची तयारी केली होती की आता लोक तोंडात शेण घालतील. झालं भलतंच. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. ज्यांनी एकेकाळी इंजिनाची घुरघुर तासांत धरली होती ते आता आपल्या सहा-सहा मिनिटांसाठी हळवे झाले. कुणाचे पंधरा तास वाढले, कुणाचे चाळीस. कॅप्टन दहा हजार चोवीस भरले. ज्याचे वाढले तो रागावणार कसा? सगळे बाईंवर खूश. कुणी फुलं आणली, कुणी पेनांचा संच. सत्काराच्या दिवशी कॅप्टनांनी भाषणात सांगितलं, की बाईंनी आपल्या सर्वांचा वेळ इतकी वर्षं जपून ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा घरी म्हणाला, ‘‘एवढी मोठी चूक आम्ही केली असती तर आम्हाला पाण्याच्या कार्यालयात झोडपलं असतं. तुझी बढतीच झाली की.’’ बाई हसल्या. खरं म्हणजे त्यांनाही बरं वाटायला लागलं होतं.

मास्तर परवाना दाखवायला आले तेव्हा तेवढे हसले नाहीत. आभार मानले, चहा घेतला. मग म्हणाले, ‘‘बाई, मी वर्गात पोरांना सांगतो, उत्तर पाठ करू नका, करून बघा. आणि मी स्वतः पाच वर्षं तक्त्याकडे बघून लिहीत होतो. माझी मलाच लाज वाटली.’’ थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘‘पण माझं वेळेत कळलं. माझ्याआधी ज्यांना तुम्ही परत पाठवलंत, त्यांचं काय झालं?’’

मास्तर गेल्यावर बाईंनी परत केलेल्या अर्जांची फाइल काढली. एकोणीस वर्षांत थोड्या मिनिटांसाठी अडवलेले नऊ जण होते. सहा पुढच्या महिन्यात येऊन तास भरून गेले होते. दोघं दुसऱ्या क्लबातून वैमानिक झाले होते. उरली एक मुलगी. अकरा वर्षांपूर्वीची, एकशे नव्याण्णव पॉइंट चार. तिच्याही परीक्षांची मुदत तेव्हाच संपली होती आणि ती पुन्हा आली नव्हती. बाईंनी विमानाच्या वह्या काढल्या, मोजलं. असे धडे पंच्याऐंशी. दोनशे सात पॉइंट नऊ.

अर्जावरचा नंबर अजून चालू होता. फोन तिनेच उचलला. मागे गाडीचा आवाज येत होता. ती आता लोकांना मोटार चालवायला शिकवत होती.

‘‘मी क्लबातून बोलतेय. मिनिटबाई.’’

‘‘बोला बाई. – क्लच, क्लच दाबा काका, हां. – बोला.’’

बाईंनी सांगितलं. तक्ता, सहा, सात, दोनशे सात पॉइंट नऊ. तुझे दोनशे तेव्हाच झाले होते, चूक माझी होती, मला माफ कर. त्यांनी हे कागदावर लिहून ठेवलं होतं आणि तसंच वाचून दाखवलं.

‘‘काका, गाडी बाजूला घ्या जरा,’’ ती म्हणाली. गाडी थांबल्याचं ऐकू आलं.

‘‘बाई, मी सांगितलं होतं तुम्हाला.’’

‘‘काय?’’

‘‘तेव्हाच. तुमच्या टेबलाशी उभं राहून. म्हटलं होतं, बाई, बेचाळीसचे पॉइंट सात होतात, सहा नाही, एकदा करून बघा. तुम्ही वही मिटून माझ्या हातात दिलीत. म्हणालात, तास कमी पडले की सगळ्यांनाच गणित सुचतं.’’

मिनिटबाईंनी आठवायचा खूप प्रयत्न केला. मुलीचा चेहरा आठवला, तिची वही आठवली, तिचे आकडे तर समोरच होते. हे बोलणं काही केल्या आठवेना. त्यांना त्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटली आणि त्यांनी तसं तिला सांगितलं.

‘‘असू दे,’’ ती म्हणाली. ‘‘माझा धडा चालू आहे, बाई. काका खोळंबलेत.’’